मोटारसायकलच्या चेनचा योग्य ताण

सुरगाणा तालुका हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेलगत वसलेला डोंगराळ मुलूख होय. उतारावर नागली, वरई व खुरासणी, खाचरांत भात, आणि बोरगाव-हातगड भागात हिवाळ्यात स्ट्रॉबेरी, अशी येथील शेती आहे. पाडे दूरदूर, रस्ते चढउताराचे आणि पावसाळा जोराचा. अशा ठिकाणी मोटारसायकल ही हौसेची वस्तू राहिलेली नसून शेतीच्या अवजारांपैकीच एक अवजार झाली आहे. खताची गोणी तिच्यावरून येते, स्ट्रॉबेरीच्या पेट्या तिच्यावरूनच सापुतारा रस्त्यावर पोचतात. द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडे कामास जाणारी माणसे तिच्यावरूनच जातात, आणि रात्री-अपरात्री आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे तर पुष्कळदा दारात तीच उभी असते.

1952 साली 2 ऑक्टोबर रोजी देशात सामूहिक विकास योजनेस प्रारंभ झाला. त्या काळी खेड्यांत काम करणारा कार्यकर्ता पायी वा सायकलवर हिंडत असे. आज त्याच्याजवळ मोटारसायकल आहे. वाहन बदलले, तरी इंजिनाची किंवा पायाची शक्ती मागच्या चाकास पोचविणारी वस्तू मात्र तीच राहिली आहे. ती म्हणजे साखळी, अर्थात सर्वांच्या तोंडी असलेली चेन. फार काय, सायकलची चेन आणि आपल्याकडील लहान मोटारसायकलींवर सर्रास आढळणारी 428 क्रमांकाची चेन ह्या दोहोंच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतरही एकच, म्हणजे अर्धा इंच किंवा 12.7 मि.मी. असते. बुश आणि रोलर असलेल्या ह्या चेनचे पेटंट हान्स रेनोल्ड ह्यांनी 1880 साली इंग्लंडात मँचेस्टर येथे घेतले. तेव्हापासून तिच्या मूळ रचनेत फारसा बदल झालेला नाही.

इतकी साधी व जुनी वस्तू असूनही तिच्याबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. चेन जितकी घट्ट तितकी चांगली, असे पुष्कळांना वाटते. चेन वाजू लागली की पाना घेऊन ती ताठ होईपर्यंत आवळली जाते. वस्तुतः फार सैल चेन धोक्याची खरी. परंतु फार घट्ट चेन तिच्याहून अधिक खर्चाची व तितकीच धोक्याची असते. नांगरास बैल जुंपताना जोते सैल राहिले तर बैल जुवातून निसटतो, आणि फार आवळले तर त्याच्या गळ्यास काच बसतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. चेनचेही तसेच आहे. तिला ताण हवा, पण मोजका हवा.

चेन सैल का होते?

चेन ताणली गेली असे आपण म्हणतो. पण तिच्या लोखंडी पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन व तिच्याभोवती एक बुश असतो. गाडी चालत असता प्रत्येक कडी स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चक्रावर, चढताना व उतरताना वाकते आणि पिन बुशमध्ये घासते. वंगण कमी पडले किंवा बारीक माती आत शिरली की ही झीज झपाट्याने वाढते. चेनमध्ये असे शंभराहून अधिक सांधे असतात. प्रत्येक सांधा 0.05 मि.मी. एवढाच झिजला असे धरले, तरी 100 सांध्यांची मिळून 5 मि.मी. लांबी वाढते. डोळ्यांस न दिसणारी झीज अशा रीतीने हातास लागणारी ढिलाई बनते.

सुरगाण्याच्या पावसात ही क्रिया अधिक वेगाने होते. रस्त्यावरचे पाणी चेनवरील तेल धुऊन नेते. फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली, किंवा आवणीच्या दिवसांत खाचरालगतच्या चिखलातून नेली, की तांबडी माती व बारीक रेती चेनवर बसते. तेल गेले आणि रेती आली म्हणजे प्रत्येक सांधा जणू सहाणेवर घासला जातो.

ताण चुकल्यास काय होते?

चेन फार सैल असेल तर ती चेन कव्हरवर आपटून खडखडते, गाडी निघताना झटका देते आणि खड्ड्यातून जाताना स्प्रॉकेटवरून उतरते. सपाट रस्त्यावर चेन उतरली तर गाडी ढकलत नेता येते. घाटाच्या उतारावर गोष्ट निराळी होते. उतारावर आपण गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो, तेव्हा इंजिनाचा अटकाव चेनमार्फतच मागच्या चाकास मिळत असतो. चेन उतरताच हा अटकाव एकदम नाहीसा होतो व सारा भार ब्रेकवर पडतो. ह्याहूनही वाईट म्हणजे निसटलेली चेन पुढील स्प्रॉकेटपाशी अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. मागे बसलेली व्यक्ती व पुढचे वळण ध्यानी घेता हा धोका किती मोठा आहे हे सहज कळेल.

चेन फार घट्ट असेल तर नुकसान हळूहळू व आतून होते. गिअरबॉक्सच्या दांड्याचे व मागच्या चाकाचे बेअरिंग सतत ओढले जाऊन खराब होते. पुढील स्प्रॉकेटमागचे ऑइल सील गळू लागते. चेन व स्प्रॉकेटचे दात लवकर झिजतात, आणि ओझे असताना मोठा धक्का बसल्यास चेन तुटूही शकते.

ओझे लादल्यावर घट्ट चेन अधिकच घट्ट का होते, हे समजून घेणे जरूर आहे. मागचे चाक ज्या दोन भुजांमध्ये बसविलेले असते त्यास मिस्त्री लोक चिमटा म्हणतात. हा चिमटा पुढील बाजूस एका खिळीवर खालीवर हलतो. पुढील स्प्रॉकेट ह्या खिळीच्याही थोडे पुढे असते. त्यामुळे शॉकअॅब्सॉर्बर दबून चाक वर येऊ लागले की स्प्रॉकेट व चाकाचा आस ह्यांमधील अंतर वाढत जाते. स्प्रॉकेटचा मध्य, चिमट्याची खिळी व चाकाचा आस हे तीन बिंदू एका सरळ रेषेत आले म्हणजे ते सर्वांत अधिक होते, आणि चेनही त्या क्षणी सर्वांत ताठ असते. रिकाम्या गाडीवर ताठ आवळलेल्या चेनला युरियाची 45 किलोंची गोणी व मागे एक माणूस बसल्यावर द्यावयास ढील शिल्लक राहात नाही. मग खड्ड्याचा प्रत्येक हिसका सरळ बेअरिंगवर जातो. रिकाम्या गाडीवर दिसणारी ढिलाई ही म्हणूनच दोष नव्हे. ती भरल्या गाडीसाठी राखून ठेवलेली जागा होय.

ढील किती असावी?

आपल्याकडील 100 ते 125 सी.सी.च्या लहान मोटारसायकलींस सर्वसाधारणपणे 20 ते 30 मि.मी., म्हणजे सुमारे एक इंच, ढील ठेवतात. काही गाड्यांस ह्याहून थोडी अधिक लागते. म्हणून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत अथवा चेनजवळच्या चिकटपट्टीवर दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

हा आकडा म्हणजे चेनची वरपासून खालपर्यंतची एकूण हालचाल होय. बोटाने चेन वर दाबली असता ती जेथे थांबते व खाली ओढली असता जेथे थांबते, त्या दोन जागांमधील ते अंतर आहे. मधल्या जागेपासून वर एक इंच व खाली आणखी एक इंच असा अर्थ घेतल्यास ढील दुप्पट होईल.

मोजण्याची रीत

1. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी. गाडी न्यूट्रलमध्ये असावी.

2. चेन झाकलेली असल्यास कव्हरवरील रबरी बूच काढावे. उघडी असल्यास दोन्ही स्प्रॉकेटांच्या मध्यावर, खालच्या बाजूच्या चेनवर, बोट ठेवावे.

3. चेन वर दाबून व खाली ओढून पट्टीने अंतर मोजावे.

4. मागचे चाक हाताने थोडे फिरवून पुन्हा मोजावे. असे एका जागी न थांबता चार-पाच ठिकाणी करावे.

चौथी कृती बहुधा वगळली जाते, आणि चूक तेथेच होते. चेन सर्व ठिकाणी सारखी झिजत नाही. एखाद्या जागी ती सैल तर दुसऱ्या जागी घट्ट लागते. सैल जागा पाहून चेन आवळली तर घट्ट जागी ती ताठ होऊन बसेल. म्हणून जेथे चेन सर्वांत घट्ट लागेल तेथेच मोजमाप धरावे.

चाक फिरवावयाचे ते हातानेच. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनजवळ बोट, फडके किंवा तेलाची बाटली नेणे अत्यंत धोक्याचे आहे. फडके चेनमध्ये ओढले जाते व त्यासोबत बोटेही जातात. अशाने बोटे कायमची गमावण्याची वेळ येते. वेळ वाचविण्यासाठी हा धोका कोणीही पत्करू नये, व लहान मुलांस ह्या कामी जवळ बसवू नये.

ताण लावण्याची रीत

ह्या कामास योग्य मापाचे दोन-तीन पाने, एक पट्टी व थोडे फडके एवढेच साहित्य पुरते. घसरणारा पाना वापरू नये. त्याने नटाचे कोपरे गोल होतात. ड्रम ब्रेक असलेल्या लहान गाड्यांची रीत पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम मागच्या चाकाच्या आसाचा नट सैल करावा. काही गाड्यांस त्यात दुपाखी पिन असते. ती आधी काढावी. काही गाड्यांस स्प्रॉकेटच्या बाजूस आणखी एक मोठा नट असतो. तोही सैल करावा लागतो. आस मागे सरकताना ब्रेकची सळई ताणली जाऊ नये, म्हणून ब्रेकचा नट काही फेरे सैल करून ठेवावा.

चिमट्याच्या दोन्ही टोकांस एकेक अॅडजस्टर असतो. त्यास वेगळा लॉकनट असल्यास तो सैल करावा. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर आळीपाळीने, एका वेळी पाव ते अर्धा फेरा, असे सारखे फिरवावेत. आस थोडासा मागे सरला तरी ढिलाईत पुष्कळ फरक पडतो. यास्तव घाई न करता प्रत्येक वेळी मोजून पाहावे. चेन आधीच फार घट्ट असेल तर अॅडजस्टर उलट फिरवून चाक हाताने पुढे सारावे.

चिमट्यावर दोन्ही बाजूंस खुणा कोरलेल्या असतात. डाव्या बाजूस आस जितक्या खुणांवर असेल तितक्याच खुणांवर तो उजव्या बाजूसही असला पाहिजे. खुणा पुसट झाल्या असतील तर चिमट्याच्या खिळीच्या मध्यापासून आसाच्या मध्यापर्यंत सुतळी धरून दोन्ही बाजूंचे अंतर ताडून पाहावे. पेरणीस सरळ ओळ आखताना आपण दोरी धरतोच. एक बाजू पुढे व एक मागे राहिली तर चाक तिरके बसते, गाडी एका बाजूस ओढते आणि चेन स्प्रॉकेटच्या दातांच्या कडेवर घासून दोन्हींचा नाश करते.

ढील योग्य झाली की आसाचा नट पक्का आवळावा. टॉर्कचा पाना असल्यास पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा; नसल्यास योग्य मापाच्या रिंग पान्याने पक्का करून पुढील खेपेस गॅरेजमध्ये तपासून घ्यावा. दुपाखी पिन असेल तेथे नवी पिन घालावी. नट आवळताना आस किंचित सरकतो, म्हणून ढील पुन्हा एकदा मोजावी. नंतर अॅडजस्टरचे लॉकनट बंद करावेत.

आस हलल्यामुळे मागच्या ब्रेकचे अंतरही बदललेले असते. ब्रेकचा नट फिरवून पायपट्टीची मोकळी हालचाल पुस्तिकेप्रमाणे, साधारणतः 20 ते 30 मि.मी., करून घ्यावी. चाक हाताने मोकळे फिरते की नाही आणि ब्रेक दाबताच थांबते की नाही, हे दोन्ही पाहावे. ब्रेक न तपासता घाटात जाणे योग्य नव्हे.

शेवटी गाडी स्टँडवरून उतरवावी, इंजिन बंदच ठेवावे, आणि नेहमी जेवढे ओझे नेतो तेवढे तिच्यावर द्यावे. दुसऱ्या माणसाने चेनला बोट लावून पाहावे. भरल्या गाडीवरही चेन थोडी हलली पाहिजे. ती तारेसारखी ताठ लागली तर काम बिघडले असे समजून पुन्हा मोजमाप करावे.

वंगण व स्वच्छता

बैलगाडीच्या आसास वंगण देण्याचे आपण चुकवीत नाही. चेनलाही तीच आस्था हवी. पुष्कळ गाड्यांच्या चेनला 90 नंबरचे गिअर ऑइल चालते. ज्या चेनच्या सांध्यांत रबरी कडी असते तिला तिच्यासाठी सांगितलेलेच वंगण द्यावे. प्रथम चिखल फडक्याने व मऊ ब्रशाने काढावा, चेन कोरडी करावी, मग चाक हाताने फिरवीत खालच्या चेनच्या आतील अंगास, सांध्यांवर, थेंब थेंब तेल सोडावे. काही वेळाने वरचे जादा तेल पुसून टाकावे. तेल सांध्याच्या आत हवे. बाहेर साचलेले तेल केवळ धूळ गोळा करते. हे काम संध्याकाळी गाडी घरी आल्यावर केल्यास रात्रभरात तेल आत मुरते.

इंजिनातून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून चेनवर ओतण्याची प्रथा आहे. त्यात धातूचा कीस व काजळी असते. ती सांध्यांत जाऊ देणे हिताचे नाही. पेट्रोलने चेन धुणेही टाळावे. त्यात आगीचा धोका आहे, आणि चेनच्या रबरी कड्याही त्याने खराब होतात. चेन कव्हर मोडले वा वाजते म्हणून काढून टाकू नये. तेच चिखलापासून चेनचे, व पदर-धोतर अडकण्यापासून मागे बसलेल्या माणसाचे रक्षण करते.

चेन बदलण्याची वेळ

अॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आला, किंवा एका जागी चेन फार सैल व दुसऱ्या जागी फार घट्ट लागू लागली, तर ती आवळून उपयोग नाही. नव्या 428 चेनच्या 40 कड्यांची लांबी 508 मि.मी. भरते. चेन ताणून धरून 41 पिना मोजाव्यात व पहिल्या पिनच्या मध्यापासून शेवटच्या पिनच्या मध्यापर्यंत माप घ्यावे. 5 मि.मी. वाढ म्हणजे सुमारे 1 टक्का झीज होय. तेव्हा नव्या चेनची तयारी ठेवावी. ही वाढ 10 मि.मी.पर्यंत पोचण्याची वाट पाहू नये. पुस्तिकेत ह्याहून कमी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी.

स्प्रॉकेटचे दात वाघनखासारखे एका अंगास वाकलेले दिसले तर तेही बाद झाले असे समजावे. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढविल्यास ती लवकरच जुनी होते. म्हणून चेन व दोन्ही स्प्रॉकेट हा संच एकदमच बदलणे अंती स्वस्त पडते. चेनला उघडता येणारे लॉक असल्यास त्यावरील माशाच्या आकाराच्या पट्टीचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेस व उघडे तोंड मागे असावे. उलट बसविल्यास ती निसटण्याचा संभव असतो.

तपासणीचे वेळापत्रक

दररोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे 1,000 किलोमीटर 25 दिवसांत पुरे होतात. म्हणून महिन्यातून एकदा ढील मोजणे व साधारणतः 500 किलोमीटरला वंगण देणे, हा नियम कोरड्या दिवसांत पुरेसा आहे. पावसाळ्यात दर आठवड्यास पाहावे, आणि गाडी पाण्या-चिखलातून गेली असेल त्याच दिवशी चेन पुसून तेल द्यावे. ह्याखेरीज चार वेळा विशेष तपासणी करावी : मृग नक्षत्रापूर्वी, भात व नागलीची आवणी उरकल्यावर, ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीस बाहेरगावी जाण्यापूर्वी, आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी. ही सर्व वेळापत्रके शेतीच्या कामांशी जुळणारी असल्यामुळे ध्यानात ठेवण्यास सोपी आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या स्वतःच्या गाडीची चेन ह्या रीतीने तपासावी. त्यानंतर गावातील सभेच्या अखेरीस पाव तास राखून, एक गाडी डबल स्टँडवर उभी करून, ढील मोजण्याचे प्रात्यक्षिक दाखवावे. पट्टी तरुणांच्या हाती द्यावी व त्यांनाच सर्वांत घट्ट जागा शोधावयास सांगावे. जे स्वतःच्या बोटाने समजले ते विसरत नाही. बाऱ्हे, उंबरठाण, बोरगाव यांसारख्या मोठ्या गावांतील दुरुस्तीच्या दुकानदारांसही अशा प्रात्यक्षिकास बोलावल्यास उत्तम.

चेन-स्प्रॉकेटचा नवा संच म्हणजे शेतमजुराच्या काही दिवसांच्या मजुरीचा खर्च असतो. पट्टी, पाने व थोडे तेल ह्यांनी तो खर्च पुष्कळ पुढे ढकलता येतो. परंतु हिशेब केवळ पैशांचा नाही. दूरच्या पाड्यावरून पावसाळी रात्री आजारी माणसास घेऊन निघालेली गाडी घाटात थांबता कामा नये, आणि तिच्यावर बसलेली माणसे सुखरूप उतरली पाहिजेत. त्यासाठी आज दिवस मावळण्यापूर्वी दारातील गाडी स्टँडवर घ्यावी, चेनला बोट लावावे आणि ती एक इंच हलते की नाही ते पाहावे.